हातकुऱ्हाड : निवड, निगा आणि वापर

वेरूळच्या दहाव्या लेण्याला विश्वकर्म्याचे नाव आहे, आणि ‘सुताराची झोपडी’ म्हणूनही ते पूर्वापार ओळखले जाते. आत जाऊन मान वर केली म्हणजे या नावाचे कारण तत्काळ ध्यानात येते. कारण त्या गजपृष्ठाकार छताला ओळीने ज्या फासळ्या आहेत त्या पाषाणात कोरलेल्या असूनही त्यांचा बाक, त्यांची जाडी आणि त्यांच्यामधील अंतर ही सर्व लाकडी बांधणीच्या नियमांना अनुसरून आहेत. अखंड कातळाला वास्तविक अशा आधाराची कोणतीच आवश्यकता नव्हती. तथापि सातव्या शतकाच्या सुमारास ते लेणे खोदणाऱ्या पाथरवटांच्या दृष्टीपुढे सभागृहाचा जो आदर्श होता तो सुताराने घडविलेला होता, म्हणून त्यांनी दगडातही लाकूडच कोरले. कार्ल्याच्या त्याहून कितीतरी प्राचीन चैत्यगृहात तर तशाच फासळ्या खऱ्या लाकडाच्या असून त्या अद्यापि जागेवर आहेत. वेरूळच्या या लेण्यातील बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून वंदन करण्यास पूर्वी सुतार मंडळी येत असत.

ज्या मुलखात लाकूड घडविण्याच्या विद्येचा इतका जुना मान आहे, त्याच मुलखातील सुशिक्षित घरांतून आज साधी हातकुऱ्हाड अडगळीत पडलेली आढळते, याचे मला मनापासून वाईट वाटते. छत्रपती संभाजीनगरात राहणारा, खुलताबाद-कन्नडकडे वडिलार्जित शेताचा एखादा तुकडा राखून असणारा किंवा सुटीच्या दिवशी म्हैसमाळच्या पठारावर भटकणारा असा जो वाचक आहे, त्याला हे हत्यार कसे निवडावे, कसे राखावे आणि त्याने काय काय करावे हे सांगण्यासाठी हा लेख आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. हातकुऱ्हाडीने होणारे बहुतेक अपघात, आणि नवशिक्याच्या पदरी पडणारी बहुतेक निराशा, ही प्रहारात शक्ती कमी पडल्याने होत नाही. बोथट धार, सैल दांडा आणि चुकीच्या उंचीचा ठोकळा या तीन कारणांनी होते, आणि या तिन्हींचा बंदोबस्त हत्यार उगारण्यापूर्वीच करता येतो.

प्रथम निवडीविषयी. कोरीव कामाला आणि रानातल्या किरकोळ कामाला मिळून एकच कुऱ्हाड ठेवायची असेल तर तिच्या पात्याचे वजन ५०० ते ७०० ग्रॅम, धारेची लांबी तीन-साडेतीन इंच आणि दांडा १४ ते १६ इंच असावा. याहून जड कुऱ्हाड मनगटाला थकविते, आणि थकलेल्या मनगटाचा प्रहार कोठे उतरेल याचा नेम राहत नाही. याहून हलकी असेल तर ती बाभळीसारख्या लाकडावरून नुसती उसळते. पाते धारेच्या मागे लगेच फुगीर असू नये. सरपण फोडण्याची कुऱ्हाड पाचरीप्रमाणे जाड असावी लागते, कारण तिला लाकूड दुभंगायचे असते. तासण्याच्या कुऱ्हाडीला मात्र लाकडात शिरून पातळ ढलपी काढायची असते, म्हणून तिच्या दोन्ही अंगांचा उतार मिळून २५ ते ३० अंशांचा कोन व्हावा, हे उत्तम. लोखंडी नळीचा दांडा वितळजोडाने चिकटविलेल्या ज्या स्वस्त कुऱ्हाडी अलीकडे दुकानांतून दिसतात त्या घेऊ नयेत. नळी प्रत्येक प्रहाराचा हादरा कोपरापर्यंत पोहोचविते, आणि जोड तुटला तर दुरुस्तीची काही तजवीज राहत नाही.

दुकानापेक्षा मी वाचकाला घिसाड्याकडे जाण्याचा सल्ला देईन. मराठवाड्यात सुगीच्या आधी आणि आठवडी बाजारांच्या गावी रस्त्याच्या कडेला पाल ठोकून, भाता आणि ऐरण मांडून बसलेली ही कुटुंबे आजही भेटतात. पुरुष तापलेले लोखंड सांडशीत धरून फिरवितो आणि समोर उभी राहून घण घालते ती बहुधा घरची स्त्री. मालमोटारीच्या जुन्या पाट्याचे पोलाद यांच्या हाताखाली कोयत्याचे, विळ्याचे आणि कुऱ्हाडीचे रूप घेते, व ते पोलाद या कामास उत्कृष्ट असते. फक्त मागणी नेमकी करावी लागते : पाते पातळ हवे, दोन्ही बाजूंचा उतार सारखा हवा, आणि धारेला पाणी बेताचे हवे. पाणी बरोबर दिले आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. चांगली कानस धारेच्या कडेवरून हलकेच फिरवावी. ती काचेवरून गेल्यागत घसरली तर धार फाजील कठीण असून गाठीवर आपटताच तिचा तुकडा उडेल. ती शिशात रुतावी तशी रुतली तर धार मऊ असून वळून जाईल. थोडा प्रतिकार करीत कानस लोखंडाचा बारीक चुरा काढू लागली तर माल निःशंकपणे घ्यावा.

दांड्याचा विषय याहून महत्त्वाचा आहे. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण सर्वजण भाषणांतून वापरतो, परंतु तो दांडा कोणत्या गोताचा असावा हे क्वचितच कोणी विचारतो. धामण मिळाली तर तिला तोड नाही, कारण ती लवते पण मोडत नाही. ती न मिळाल्यास वाळलेली बाभूळ घ्यावी. दोहोंपैकी काहीही असो, लाकडाच्या उभ्या रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावल्या पाहिजेत. मध्येच त्या कडेबाहेर निघून जात असतील तर दांडा त्याच ठिकाणी तुटेल. म्हणूनच करवतीने कापलेल्या फळीपेक्षा ओंडका फोडून काढलेल्या चिरफळीचा दांडा अधिक विश्वासाचा. पात्याच्या नेढ्यात तो घट्ट बसवून वरून पाचर ठोकावी, आणि पाचरही वाळलेल्या लाकडाचीच असावी.

आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हवेतला ओलावा पार नाहीसा होतो. अशा वेळी कालपर्यंत घट्ट असलेला दांडा आज हलू लागतो. यावर कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवण्याची वहिवाट सर्वत्र आहे, पण ती मला मान्य नाही. पाण्याने फुगलेले लाकूड लोखंडावर दाबले जाऊन त्याचे तंतू चेपतात, आणि पुन्हा वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही सैल होतो. त्याऐवजी दुसरी पाचर ठोकून नेढ्यातल्या लाकडाला जवसाचे तेल जिरेल तितके पाजावे. जवस न मिळाल्यास मराठवाड्याच्या घाण्यावर सहज मिळणारे करडईचे तेलही चालते, कारण तेही हवेने हळूहळू सुकून लाकडात स्थिरावते. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, चिकट होते. ते वापरू नये.

धारेसाठी तीन वस्तू पुरतात : एक सपाट कानस, एक सहाण आणि चामड्याचा एक जुना पट्टा. कुऱ्हाड शिकंज्यात किंवा पायाखाली पक्की धरून उतारावर शाई फासावी, म्हणजे कानस कोठे लागते आणि कोठे सुटते हे डोळ्यांना दिसते. दोन्ही अंगे सारखीच घासावीत. घासता घासता धारेच्या पलीकडच्या बाजूला नखाला बारीक खरखर लागू लागली, की त्या अंगाचे काम झाले असे समजून बाजू बदलावी. मग सहाणेवर पाणी टाकून ती खरखर काढावी आणि शेवटी पट्ट्यावर, धार मागे राहील अशा रीतीने, दहा-वीस हात फिरवावेत. सायकलवर चाक फिरवीत गल्लोगल्ली धार लावणाऱ्याकडे घरातले विळे-सुऱ्या खुशाल द्याव्यात, मात्र कुऱ्हाड देताना त्याला घाई करू देऊ नये. कोरड्या चाकावर पोलाद तापून निळे पडले की घिसाड्याने दिलेले सारे पाणी उतरते, आणि ती धार पुन्हा टिकत नाही. धार लागली की नाही हे पाहण्यासाठी अंगठा फिरवू नये. मऊ लाकडाच्या आडव्या कापावर एक पातळ ढलपी काढून पाहावी; मागे राहिलेला पृष्ठभाग तुकतुकीत दिसला तर हत्यार सिद्ध आहे.

आता ठोकळा. हा शब्द ऐकून वाचक कदाचित पुढच्या परिच्छेदाकडे वळेल, म्हणून त्याला आवर्जून थांबवितो; कारण हातकुऱ्हाड चालविण्याची निम्मी विद्या या ओंडक्यात आहे. आपली जमीन म्हणजे काळा दगड आणि मुरूम. एक चुकलेला प्रहार जमिनीवर बसला की घटकाभराची मेहनत वाया जाते. लिंबाच्या किंवा बाभळीच्या बुंध्याचा, एक ते सव्वा फूट व्यासाचा ठोकळा मिळवावा. तासकामासाठी त्याची उंची उभे राहिल्यावर मांडीच्या मध्यापर्यंत यावी, म्हणजे सुमारे दोन फूट. सरपण फोडण्यासाठी गुडघ्याच्या खाली राहील असा दुसरा ठोकळा ठेवला तर अतिउत्तम. जो तासायचा तुकडा असेल तो ठोकळ्याच्या मध्यावर किंवा पलीकडच्या अर्ध्या भागात टेकवावा, अलीकडच्या कडेवर कधीही नाही. म्हणजे प्रहार घसरला तरी कुऱ्हाड लाकडातच थांबते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजवा पाय जरा मागे घ्यावा. डाव्या हाताने तुकडा वरच्या टोकाला धरावा आणि प्रहार नेहमी त्या हाताच्या खालीच उतरेल असे पाहावे. हा हात आणि धार यांमध्ये निदान एका वितीचे अंतर असावे; तुकडा लहान होत होत हे अंतर राखणे अशक्य झाले की कुऱ्हाड खाली ठेवून सुरी उचलावी.

लहान कुऱ्हाड मोठीपेक्षा सुरक्षित, हा समज घातक आहे. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर ती बहुधा पायापुढे जमिनीत रुतते. आखूड दांड्याचा वर्तुळाकार मार्ग मात्र वळून आपल्याच नडगीकडे येतो. याकरिता खाली ठेवलेले लाकूड फोडायचे असल्यास उभे न राहता गुडघे टेकून बसावे, म्हणजे हत्याराचा मार्ग जमिनीतच संपतो.

लाकूड ओले घ्यावे. वाळलेली बाभूळ तासू पाहणारा नवशिका दोन दिवसांत हे काम सोडून देतो, परंतु तीच बाभूळ ताजी असताना सुरीलाही वश होते. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटल्या जातात, बांधावरच्या सुबाभळीची छाटणी होते, वादळात लिंबाची फांदी मोडते. या सर्वांतून मागून घेतलेले लाकूड शिकणाऱ्याला वर्षभर पुरते. लिंब आणि सुबाभूळ प्रारंभाला ठीक. शिवण मिळाली तर भाग्य समजावे, कारण ती मऊ, हलकी आणि वाळताना फारशी न वाकणारी आहे. पांगारा याहूनही हलका. सावंतवाडीच्या खेळण्यांना तो पूर्वीपासून वापरीत आले आहेत, आणि म्हैसूरकडील चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या पांढऱ्याशुभ्र लाकडाची होत आली. आंब्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो नवशिक्याची परीक्षा पाहतो.

दोन झाडांपासून मात्र दूर राहावे. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. तिची काठी सरळ आणि सुबक असते म्हणून तिचा चमचा, किंवा कणसे भाजण्याची सळई, कधीही करू नये. दुसरा बिब्बा. डोंगरातल्या या झाडाचा रस अंगावर उडाला की तो उततो, आणि त्याचा धूरही बाधतो; न ओळखता त्याची फांदी तासू नये आणि चुलीतही घालू नये.

येथेच कायद्याचा उल्लेख करणे भाग आहे. शहराच्या हद्दीत, अगदी स्वतःच्या आवारातले झाडसुद्धा, वृक्ष प्राधिकरणाच्या परवान्यावाचून तोडता येत नाही. १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम त्यासाठीच आहे, आणि ग्रामीण भागातील अनेक जातींच्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड अधिनियम लागू होतो. गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य असल्यामुळे तेथे परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाण्यासच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे. तेव्हा कन्नडच्या घाटात फिरायला निघताना कुऱ्हाड घरी ठेवावी. पडलेली फांदीसुद्धा तेथल्या वाळवीची, बुरशीची आणि पाखरांची आहे, आणि हा बंदोबस्त मला सर्वस्वी योग्य वाटतो.

आता प्रत्यक्ष काम. वरण वाढण्याची एक पळी करायला घ्यावी. सुबाभळीच्या चार-पाच इंच जाडीच्या ओंडक्याचा फूटभर तुकडा कापून ठोकळ्यावर उभा ठेवावा, आणि कुऱ्हाडीची धार बरोबर मध्यावर टेकवून तिच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोकावे. येथे कुऱ्हाड उगारायची नाही. दोन-तीन ठोक्यांत ओंडका दुभंगतो. मधला गाभा मात्र काढून टाकावा, कारण तो राहिला तर पळी वाळताना हमखास तडकते. अर्ध्या फाळीचे एक अंग तासून सपाट करावे आणि त्यावर पेन्सिलीने पळीची आकृती काढावी : रुंद तोंड, त्याखाली निमुळती मान, मग दांडा.

मानेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढणे हा या कामाचा गाभा. तोंडाच्या खांद्यापासून मानेच्या खोलगटीपर्यंत खाली तासत यावे, मग तुकडा उलटा धरून दांड्याकडून पुन्हा त्याच खोलगटीपर्यंत यावे. उंचावरून खोलाकडे, ही दिशा कधी सोडू नये. खोलातून वर तासू गेल्यास तंतूंखाली धार शिरून लाकूड रेषेबाहेर चिरत जाते आणि तोंडाचा अर्धा भाग हातात येतो. काढायचे लाकूड जाड असेल तर आधी त्यावर बोट-बोट अंतराने तिरपे छेद द्यावेत आणि मग त्यांच्या मुळाशी सरळ प्रहार करावेत, म्हणजे ढलप्या आखूड सुटतात व एकही लांब चिरफळी पळीला घेऊन जात नाही. प्रहार कोपरातून करावा, खांद्यातून नाही. जोर हवा तेव्हा दांड्याच्या टोकाला, नेमकेपणा हवा तेव्हा पात्याच्या अगदी जवळ पकड घ्यावी. आणि रेषेपाशी पोहोचल्यावर प्रहार थांबवून, पात्यामागे मूठ धरून, कुऱ्हाड नुसती दाबून सरकवावी. रेषेबाहेर पाव बोट लाकूड शिल्लक राहिले की कुऱ्हाडीचे काम संपले. उरलेले सुरीचे, आणि तोंडाची वाटी कोरायला गोल पटाशीचे. हाच अभ्यास पुढे वाढवीत गेल्यास भाकरीचे पीठ मळण्याची काथवट बाहेरून तासण्यापर्यंत हात पोहोचतो.

अर्धवट घडलेली पळी चैत्र-वैशाखात उघडी ठेवू नये. तिच्याच ओल्या ढलप्यांसह ती गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावी आणि हळूहळू वाळू द्यावी. न वापरलेल्या ओंडक्यांच्या दोन्ही टोकांना शेण लिंपण्याची जुनी रीत याच हेतूची आहे, आणि ती आजही तितकीच उपयोगी आहे.

रानातल्या कामांबद्दल थोडक्यात सांगतो. पडलेल्या फांदीचे डहाळे तोडताना बुंध्याकडून शेंड्याकडे प्रहार करावा, बेचक्यात नव्हे, आणि आपण खोडाच्या दुसऱ्या बाजूस उभे राहावे, म्हणजे मध्ये खोड आडवे राहते. चुलीसाठी बारीक काटक्या फोडताना तुकडा एका हाताने धरून त्यावर नेम धरण्याचा धोका पत्करू नये. धार तुकड्याच्या टोकावर टेकवावी, दोन्ही वस्तू एकत्र उचलाव्यात आणि एकत्रच ठोकळ्यावर आपटाव्यात. म्हैसमाळला पावसात लाकूड बाहेरून भिजलेले असले तरी जाड, वाळल्या तुकड्याचा गाभा कोरडा असतो. तो फोडून आतल्या कोरड्या भागाचे पातळ तुरे काढले तर काडीने पेट घेतात. राहुटीच्या मेखा करताना टोक चौपैलू काढून अगदी शेवटी जरा बोथट ठेवावे, नाहीतर मुरमात ते पहिल्याच ठोक्याला मोडते. आणि डोक्याची कड चहूबाजूंनी तासून घ्यावी, म्हणजे ते फुटत नाही. कुऱ्हाडीची पाठ लोखंडी पहार किंवा दगड ठोकायला वापरू नये. नेढे पसरते, आणि उडालेली पोलादाची कपची डोळ्यात जाऊ शकते.

नेताना धारेवर म्यान हवेच. चांभाराकडून जाड चामड्याचे शिवून घ्यावे; टायरच्या जुन्या ट्यूबचेही चालते. दुसऱ्याच्या हाती देताना दांडा त्याच्याकडे करावा आणि त्याने तो घट्ट धरल्यावरच आपली पकड सोडावी. पावसाळ्यात चामडे ओलावा धरून ठेवते, म्हणून मृग लागला की पाते म्यानातून काढून, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा खुंटीवर टांगावे. आणि दांड्यात केसाएवढी जरी उभी चीर दिसली तरी तिच्यावर तार गुंडाळून काम चालवू नये, त्याच दिवशी नव्या दांड्यासाठी लाकूड फोडायला घ्यावे.